तोट्यात विकायचं मशीन

जगातला कुठलाही मोठा व्यापार आधी तोट्यात उभा राहतो आणि मगच नफ्यात येतो. हा अर्थशास्त्राचा नियम आहे, आणि ज्याला तो कळला त्याला दुनियेत कोणी अडवू शकत नाही. शहाद्याच्या नजीर मन्यार यांना हा नियम कळला एका मंगळवारी दुपारी, आणि त्यांना पहिल्यांदा अडवलं ते त्यांच्या बायकोने, त्याच दिवशी संध्याकाळी.

"तोट्यात उभंच राहायचं असेल," मेहरुन्निसा म्हणाली, "तर आपण कधीचे उभे आहोत. आता फक्त बसायचं बाकी आहे."

 पन्नाशी ओलांडल्यापासून नजीरने बायकोला उत्तर देणं कमी केलं होतं; उत्तर दिलं की पुन्हा ऐकावं लागतं, आणि ऐकण्याचाही थकवा येतो.

दुकान एसटी स्टँडसमोरच्या ओळीत होतं. वडिलांच्या वेळी तिथे रेडिओ दुरुस्त होत. नजीरच्या वेळी टेपरेकॉर्डर आले, मग व्हीसीडी आल्या, मग मोबाइलचे रिचार्ज, मग मोबाइलची कव्हरं. नजीरचा हात असा होता की त्याने एखादी वस्तू उचलली की वर्षाभरात दुनिया ती खाली ठेवायची. शेवटी दुकानाची दर्शनी अर्धी बाजू मेहरुन्निसाने ताब्यात घेतली आणि तिथे बांगड्या मांडल्या. मन्यारांचा पिढीजात धंदा तोच. नजीरच्या वडिलांनी तो कमीपणाचा म्हणून सोडला होता, आणि सुनेने न विचारता परत आणला. बाजारच्या दिवशी धडगाव, मोलगीच्या बाजूने जीपमधून उतरलेल्या बाया आधी तिच्याकडे येत, मनगटं पुढे करत, आणि दुकानाचं भाडं निघून जाई. आतल्या अंधाऱ्या अर्ध्या भागात नजीर बसे आणि इलेक्ट्रॉनिक्सचं भवितव्य सांभाळी.

हे भवितव्य फार दिवस सांभाळता येणार नाही असं घरात ठरत आलं होतं. मेहरुन्निसाचा धाकटा भाऊ सकलैन याचं सुरतेत साड्यांच्या खोक्यांचं गोदाम होतं आणि त्याला तिथे एक भरवशाचा माणूस हवा होता. जागा दुल्हाभाईंसाठी, म्हणजे मेहुण्या नजीरसाठी, राखून ठेवलीय, असे त्याचे निरोप येत. निरोप प्रेमाचे होते, आणि नजीरला तेच सोसत नव्हतं. या सकलैनला त्याने सायकल शिकवली होती, पडल्यावर गुडघ्याला हळद लावली होती. आता त्याच्या गोदामात रोज सकाळी हजेरी लावायची आणि हमालांसमोर त्याला सेठ म्हणायचं. दुकान वाचलं तर हे टळणार होतं. नजीरला श्रीमंत व्हायचं नव्हतं. त्याला फक्त सुरतेला जायचं नव्हतं.

मंगळवारी नाशिकच्या वितरकाचे प्रतिनिधी भावसार आले ते अशा घडीला. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, एप्रिल महिना, तरीही घाम नाही. अशा माणसावर विश्वास ठेवू नये, पण हे नंतर सुचतं. त्यांनी टीव्हीला जोडून खेळायच्या जपानी मशीनचा पांढरा खोका काउंटरवर ठेवला आणि गुपित सांगितल्यासारखं सांगितलं, की ही मशीनं बनवणाऱ्या कंपन्या मशीन बनवायला जो खर्च लागतो त्यापेक्षा कमी किमतीला विकतात. जाणूनबुजून. मशीन एकदा घरात शिरलं की गिऱ्हाईक त्यावर खेळायचे गेम घेत राहतं, गेम महाग असतात, आणि खरी कमाई तिथे असते. समोर अमेरिकन कंपनी आहे, तीही हेच करते. ही किंमत उतरवते, मग तीही उतरवते. जो जास्त दिवस तोटा सोसेल त्याचं मशीन जास्त घरांत, आणि ज्याचं मशीन जास्त घरांत त्याचे गेम जास्त खपणार.

नजीर बी.कॉम. होता, तोही सेकंड क्लास. त्याला एकदम लख्ख दिसलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपण मूर्खपणासाठी वापरतो. तिकडे जपानात त्या म्हणीवर कारखाने उभे आहेत.

त्यातून त्याने जो धडा घेतला तो भावसारांनी शिकवलेला नव्हता. कंपनी तोटा सोसते, तर दुकानदारानेही सोसावा, असं त्याने ठरवलं. वितरकाकडून ज्या भावाने मशीन यायचं त्याहून खाली त्याने ते विकायला काढलं. गेमच्या डिस्क, ज्यांना कंपनी काही म्हणो, शहादा सीडीच म्हणे, त्यांची एक भिंत मागे उभी केली. कोंबडी स्वस्त, मसाला पूर्ण भावाने.

"एक सीडी विकली की जपानला किती आणि आपल्याला किती?" मेहरुन्निसाने विचारलं.

नजीर म्हणाला की सुरुवातीला असं बघायचं नसतं.

रस्त्याच्या पलीकडे महिन्याभरातच 'पवन गेमिंग' उघडलं. काचेचं दार, आत एसी, आणि अमेरिकन मशीन. मालक पवन पाटील, गुजर पाटलांचा पुण्यात शिकून परत आलेला मुलगा. वडील मगनभाई यांची केळी थेट दिल्लीला जात. पवनने नजीरचा भाव पाहिला आणि त्याच्याखाली आपला लावला. नजीरने तोही खाली ओढला. पवनने मशीनबरोबर जादा रिमोट फुकट दिला. नजीरने टीव्ही ठेवायचं लोखंडी स्टँड दिलं. पवनने प्रत्येक मशीनमागे केळीचा एक घड द्यायला सुरुवात केली आणि जाहिरातीसाठी घड दारात टांगले. लांबून बघणाऱ्याला वाटावं की हे केळीचं दुकान आहे आणि इथे घडावर मशीन फुकट मिळतं. काही जण घडासाठीच आत गेले आणि मशीन घेऊन बाहेर आले. अमेरिकेच्या हे ध्यानात आलं की नाही कळायला मार्ग नाही.

मशीनं मात्र खपत होती. साखर कारखान्यातल्या बाबूंनी घेतली, शिक्षकांनी घेतली, कापसाच्या व्यापाऱ्यांनी पोरांच्या आग्रहाने घेतली. नजीर संध्याकाळी रिकाम्या खोक्यांकडे बघून समाधानाने सुस्कारा टाके. मेहरुन्निसाही सुस्कारा टाके, पण तो दुसऱ्या जातीचा.

कारण टोकियोतल्या कंपनीच्या तोट्यामागे टोकियोतली कंपनी होती, पवनच्या तोट्यामागे मगनभाईंची केळी होती, आणि नजीरच्या तोट्यामागे बांगड्या होत्या. दुसरं काही नव्हतंच. होळीच्या तयारीला डोंगरावरून एखादी बाई यायची, कोपरापर्यंत बांगड्या भरून जायची, आणि तिच्या हातावरच्या नफ्यातून कारखान्यातल्या कुणा हेडक्लार्कच्या मुलाला जपानी मशीन स्वस्तात पडायचं. सातपुड्याने जपानला दिलेलं हे अनुदान कुठल्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही.

मोलगीकडची रेवाबाई जुनं गिऱ्हाईक होती. एकदा बांगड्या भरता भरता तिने आतल्या पांढऱ्या खोक्यांबद्दल विचारलं. यात काहीतरी शिजतं, असा तिचा समज होता. मेहरुन्निसाने सांगितलं की शिजत काही नाही, खेळायचं असतं, आणि ते घेतल्या भावाहून स्वस्त विकतो. रेवाबाईने दुसरा हात पुढे करत अगदी सरळ विचारलं, की मग बांगड्या का नाही तशा विकत?

"बांगड्या तशा विकल्या," मेहरुन्निसा म्हणाली, "तर ते कशावर विकायचं?"

रेवाबाई नजीरकडे पाहून हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. घरातल्या कामाला न लागलेल्या माणसाकडे बायका पाहतात तसं ते होतं.

खरी अडचण पुढेच होती. मशीनं घरोघर गेली, आता मसाला खपायला हवा होता. तो खपेना, आणि याचं कारण दुकानाच्या मागच्या खोलीत होतं.

त्या खोलीत जमातीच्या देगी होत्या. तांब्याच्या चार मोठ्या देगी, झारे, परातींची चळत आणि दऱ्या. लग्न असो, बाळाचा अकिका असो, मयताचा चाळिसावा असो, शहाद्यात कुणाच्याही घरी शंभर माणूस जेवणार असलं की देगी इथून जात. नजीरच्या वडिलांनी त्या ठेवून घेतल्या तेव्हा नियम घातले होते: भाडं नाही, जात विचारायची नाही, आणि परत येताना देग घासून-मांजून आली पाहिजे. तीस वर्षं हे काम नजीरकडे होतं, आणि खरं सांगायचं तर आयुष्यात त्याला जमलेलं तेवढं एकच काम. त्याच्या दुकानातून काही न्यायचं आणि परत आणायचं, ही गावाची सवय होती. 'देतो' म्हणणं ही त्याची.

सुरुवात गोवाल सरांपासून झाली. गोवाल पावरा, आश्रमशाळेतले शिक्षक, पापभीरू माणूस. त्यांनी मशीन घेतलं होतं, त्याबरोबर एक सीडी घेतली होती, आणि आता एका शनिवारी ते काउंटरसमोर उभे राहिले.

"नजीरचाचा, ती फुटबॉलची सीडी दोन दिवस द्या. सोमवारी आणतो."

नजीरचा हात भिंतीकडे गेला आणि सीडी सरांच्या हातात पडली. मधे विचार असा झालाच नाही. सर सोमवारी आले, सीडी रुमालाने पुसून आणली होती, वर घरच्या तुरीची एक पिशवी. नजीरने सीडी उजेडाकडे धरून पाहिली, बोटांचा एक डाग राहिला होता, तो दाखवला. सर खजील झाले. पुढच्या वेळी असं होणार नाही म्हणाले, आणि गाड्यांच्या शर्यतीची सीडी घेऊन गेले.

मग रीतच पडली. फुटबॉल या आठवड्यात कारखान्याच्या कॉलनीत, पुढच्या आठवड्यात सोनार गल्लीत. कोणाकडे काय गेलंय हे नजीरला तोंडपाठ असे. सीडी उशिरा आली तर तो रागवे, डाग असला तर परत पाठवी, "मांजून आणा" म्हणे, आणि लोक निमूट पुसून आणत. बदल्यात कोणी शेवग्याच्या शेंगा ठेवी, कोणी पपई. फुकटचा हा व्यवहार इतका शिस्तीत चालला होता की बघणाऱ्याने नजीरला शाबासकी द्यावी. जपान्यांचा सगळा हिशेब या भरवशावर होता की कोंबडी घेतलेल्या माणसाला मसाला विकत घ्यावाच लागतो. मसाला शेजारून वाटीभर उसना आणायची रीत असलेल्या गावात मशीन विकून बघावं, हे त्यांना कोणी सुचवलं नव्हतं.

पवनकडे याहून वेगळं नव्हतं. त्याच्याकडे सीड्या भावकीत फिरत. काकाच्या मुलाला नाही म्हणून कसं चालेल, आणि गुजर पाटलांत सगळेच कोणाच्या ना कोणाच्या काकाचे मुलगे.

नजीर दमला. तोट्याने माणूस दमतो हे त्याला ठाऊक होतं; पण इतकी गिऱ्हाइकं असताना, इतकी सलाम-दुआ होत असताना, दिवसभर उभं राहून पाय सुजले असताना तोटा होतो तेव्हा येणारा थकवा निराळा असतो. त्यात तक्रारीलाही जागा नसते. दुपारी तो देगींच्या खोलीत दरीवर आडवा होई आणि सुरतेचा विचार करी. साड्यांची खोकी कोणी मांजून परत आणत नसेल, एवढं तरी.

सकलैनचा फोन आला की जागा ईदपर्यंतच थांबेल. त्याच आठवड्यात कोणी तरी धनदांडगा व्यापारी मुलाच्या वाढदिवसासाठी एकदम पाच सीड्या मागायला आला, दोन दिवसांच्या बोलीवर. नजीर भिंतीकडे वळलाच होता. मेहरुन्निसा बांगड्यांच्या बाजूने उठली, आत आली, आणि भिंतीसमोर उभी राहिली. या बाजूला ती सहसा येत नसे.

"देग जमातीची आहे," ती त्या माणसाला म्हणाली. "सीडी माझ्या बांगड्यांची आहे. देग हवी तेव्हा न्या. सीडी विकत घ्या."

तो माणूस नजीरकडे बघू लागला. नजीरने छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता. शेवटी त्या माणसाने पाचातल्या दोन घेतल्या, रोख. बाहेर जाताना तो म्हणाला की मन्यारांकडे असं कधी नव्हतं. हे खरंच होतं.

गावात चार दिवस कुरकुर झाली, देगसुद्धा आता भाड्याने देणार का, असे टोमणे झाले. पण ज्याच्या घरी मशीन आहे आणि पोरगं आहे तो किती दिवस कुरकुरणार. एक-एक करून लोक घ्यायला लागले. आधी कुरबुरत, मग घासाघीस करत, मग नुसतेच. गोवाल सरांनी तर जुन्या फेऱ्यांची भरपाई म्हणून एक सीडी पूर्ण भावाने घेतली आणि वर तूर आणलीच. कोंबडीनंतर मसाला, जसं भावसार म्हणाले होते तसं, एक वर्ष उशिरा, शहाद्यात सुरू झालं. मेहरुन्निसाने संध्याकाळी गल्ला मोजला आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं नजीरने बक्षीस म्हणून घेतलं.

आणि मग एका दुपारी रस्ता ओलांडून पवन आला. स्वतः, पायी, हातात काही न घेता. दारातले घड दिसत नव्हते.

"बठ," नजीर म्हणाला. "चहा ले."

पवन बसला. 

"चाचा, दुकान बंद करी ऱ्हायनू," तो म्हणाला. "बापनी सांगं, मी केळी पिकाडस ते घरसाठे, अमेरिकासाठे नही."

"मगनभाई बरोबर बोलना."

"आते गावमा तुम्हीच एकला शे."

पुण्यात शिकलेल्या मुलाने असं खाली मान घालून बोललेलं नजीरला बरं वाटलं नाही. विजय असा चहाच्या कपात, समोरच्याच्या हातून मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने पवनला विचारलं की आता काय करणार. पवन म्हणाला, केळीच; निदान केळी कोणी उसनी मागत नाही, सरळ तोडून नेतात. दोघेही हसले. चहा संपला तरी पवन थोडा वेळ बसून राहिला, कारण पलीकडे एसी बंद झाला होता.

भावसारांना बातमी पोचायला वेळ लागला नाही. त्यांनी फोनवर अभिनंदन केलं. तालुक्यात आता फक्त जपान, म्हणाले. आणि आणखी आनंदाची गोष्ट अशी की कंपनी नवं मशीन आणतेय, जुन्याहून बारीक, हलकं, आणि भाव कंपनीनेच एवढा उतरवलाय की नजीरभाईंना पदरचा एक पैसा घालायची गरज नाही. पहिली खेप त्यांच्याकडेच. नजीरने विचारलं की सीड्यांचा साठा वाढवू का. भावसार म्हणाले, तुमची मर्जी, माल आहे आमच्याकडे, लावा ऑर्डर. मेहरुन्निसाने बांगड्यांच्या हंगामाची शिल्लक काढून दिली. पहिल्यांदाच तिने विचारलं नाही की जपानला किती.

सीड्या आल्या. भिंत भरली, मग तिच्या शेजारची भिंतही.

त्याच संध्याकाळी नजीरने सुरतेला फोन केला. आवाजात मिजास येऊ नये याची त्याने काळजी घेतली, त्यामुळे ती थोडीशीच आली. म्हणाला, सकलैनमियाँ, मी काही येत नाही, इथलं सोडून निघणं आता जमायचं नाही, कंपनी ऐकणार नाही. सकलैनने मोकळेपणाने मुबारकबाद दिली. दुल्हाभाईंना हुकूम कसा करावा या विचाराने त्याचीही झोप गेली असावी. सुरतेजवळच्या व्याऱ्याचा एक तरुण रांगेत होताच, त्याला त्याने दुसऱ्याच दिवशी कामावर घेतलं, आणि तसं कळवलंही.

नवी मशीनं ईदनंतरच्या सोमवारी नाशिकच्या टेम्पोने आली. पहिलं गिऱ्हाईक गोवाल सर. जुनं मशीन भावाला देऊन त्यांना नवं घ्यायचं होतं. त्यांनी आधी भिंतीवरून एक नवी सीडी निवडली, पैसे दिले, आणि इथेच लावून दाखवा म्हणाले. नजीरने खोका उघडला. मशीन खरोखर हलकं होतं, भाकरीच्या तव्यापेक्षा थोडं जाड. त्याने ते टीव्हीला जोडलं. निळा दिवा लागला. सर सीडी बोटांनी कडांवर धरून, डाग न पाडता, पुढे झाले आणि घालायची जागा शोधू लागले.

समोर नव्हती. त्यांनी बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला. नजीरने मशीन उचलून उताणं केलं. खाली हवा जायला जाळी होती आणि चिनी अक्षरं होती. मागे वायरी होत्या. मेहरुन्निसा उठून आली, तिने मशीनच्या कडेवरून चारी बाजूंनी नख फिरवलं, सरकन, बांगडीला चीर आहे का बघतात तसं. नख कुठेच अडलं नाही.

सरांनी हलकेच विचारलं की सीडी ठेवायची वेगळी वाटी येत असेल का, खोक्यात राहिली असेल. खोक्यात थर्माकोल होतं.

नजीरने भावसारांना फोन लावला. भावसार मीटिंगमध्ये होते, तरी बोलले, आवाज नेहमीसारखा शांत. म्हणाले, हो ना, हे विनाडिस्कचंच मॉडेल आहे, म्हणून तर स्वस्त. गेम आता थेट कंपनीकडून नेटवरून मशीनमध्ये उतरतात, पैसे थेट कंपनीला जातात, दुकानदाराला मधे त्रासच नको. यापुढे हेच चालणार.

नजीरने फोन कानाला धरूनच दोन्ही भिंतींकडे पाहिलं. मग त्याने भिंतींबद्दल विचारलं.

सीड्या कंपनी परत घेत नाही.